साडेतीन वर्षांची वाट

देहूरोडच्या आमच्या घरात एक दुपटे साडेतीन वर्षे ट्रंकेत घडी करून ठेवलेले होते. आईने ते आपल्या जुन्या पातळाचे शिवले होते. आमचा धाकटा भाऊ चाकणच्या मोटार कारखान्यात कामाला लागला आणि पुढे नोकरीनेच त्याला जर्मनीला नेले. लग्नाला नऊ वर्षे झाली तरी मूल नव्हते. २०२१ च्या पावसाळ्यात नवराबायकोने मूल दत्तक घ्यायचे ठरविले. निर्णय त्या दोघांचा होता, पण वाट पाहणे मात्र आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आले.

आम्हाला वाटले होते, संस्थेत जायचे, मूल पाहायचे, सह्या करायच्या आणि पेढे वाटायचे. प्रत्यक्षात तसे काही नसते. दत्तकासाठी केंद्र सरकारचे ‘कारा’ नावाचे प्राधिकरण आहे. नाव तिथे नोंदवावे लागते आणि मूल नोंदणीच्या क्रमानेच मिळते. परदेशात राहणाऱ्यांना त्या देशातल्या अधिकृत संस्थेमार्फत जावे लागते. त्या संस्थेच्या बाई भावाच्या घरी आल्या. पगार, प्रकृती, पोलिसांचा दाखला, नवराबायकोचे पटते की नाही, सगळे त्यांनी विचारले. तो अहवाल तीन वर्षे चालतो. आमची वाट इतकी लांबली, की अहवालाची मुदत संपत आली आणि सगळे पुन्हा करावे लागले. त्या रात्री भावजय फोनवर रडली. आई तिला म्हणाली, “अगं, नऊ महिन्यांत येणारं लेकरू नाही हे. याला याचे दिवस लागतील.”

वाट पाहताना माणसांची पारख होते. विहारात वंदना झाली की बायका आईला विचारीत, “काही कळलं का?” यात माया होती. पण एका जवळच्या नातेवाइकाने विचारले, “कोणाच्या रक्ताचं, कोणत्या जातीचं येईल, काय सांगावं?” आम्ही क्षणभर गप्पच झालो. ज्या देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, त्या देहूरोडला बौद्धाच्या घरात हा प्रश्न यावा! जुन्या हिंदू कायद्यात दत्तक फक्त मुलगाच आणि तोही आपल्याच जातीचा घेता येई. १९५६ च्या दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक जाण्याचा हक्क दिला आणि जातीची अट राहिली नाही. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच बिलाच्या वाटेने तो आला. संस्थेतून घेतलेल्या मुलाला आज बाल न्याय कायदा लागतो. तोही धर्म विचारीत नाही, जात विचारीत नाही. मग आपण का विचारावी?

दुसरा प्रसंग त्याहून कठीण होता. तिसऱ्या वर्षी ओळखीतला एक जण घरी आला. म्हणाला, “दादा, कशाला फायली घेऊन बसता? एका दवाखान्यात बाळ आहे. पैसे भरा, आठवड्यात घरी आणा.” खोटे कशाला सांगावे, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. पण सकाळी आईनेच निकाल दिला. “ज्या बाईचं लेकरू आहे, तिला कुणी विचारलं का?” मूल विकणे किंवा विकत घेणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे आम्हाला नंतर कळले. आईला ते आधीच कळले होते.

कायदा इतका सावकाश का चालतो, हे आम्हाला त्यानंतर उमगले. भारतीय मुले परदेशी पाठविण्यातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ मध्ये न्यायालयाने कडक नियम घालून दिले. परदेशी दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. जन्मदात्री मूल सोपविते, तेव्हा तिला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. सापडलेले मूल दोन वर्षांखालचे असेल तर दोन महिने, मोठे असेल तर चार महिने त्याच्या आईबापांचा शोध घेतला जातो. यातला प्रत्येक दिवस आम्हाला जड गेला. पण तो दिवस आमचा नव्हता, त्या लेकराचा आणि त्याच्या आईचा होता. कागद टेबलावर पडून राहतात, तो उशीर मात्र निराळा. त्याबद्दल आवाज उठवलाच पाहिजे.

आईला धीर द्यायला आम्ही लिसा स्थळेकरची गोष्ट सांगत असू. १९७९ मध्ये पुण्यात जन्मलेली ही मुलगी ससूनशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ संस्थेत होती. हरेन आणि सू स्थळेकर यांनी तिला मायेने घरी नेले. पुढे ती ऑस्ट्रेलियाच्या विश्वविजेत्या क्रिकेट संघात खेळली. आई म्हणायची, “आपलीनं क्रिकेट नाही खेळलं तरी चालेल. जेवून झोपली म्हणजे झालं.”

आणि २०२४ च्या अखेरीस फोन आला. अडीच वर्षांची मुलगी, राज्यातल्याच एका संस्थेतली. पुढे ‘कारा’चे ना-हरकत पत्र, कायदेशीर आदेश, पासपोर्ट यांत आणखी काही महिने गेले. भाऊ-भावजय आले आणि पासपोर्ट हाती येईपर्यंत लेक देहूरोडलाच राहिली. पहिले दोन दिवस ती कोणाकडेच गेली नाही. तिसऱ्या दिवशी ती दुपटे ओढत आईजवळ आली आणि आईच्या मांडीवर झोपली. दुपटे आता तिला अपुरे पडत होते, पाय बाहेर राहत होते.

ती जर्मनीला गेली त्याला आता बरेच महिने झाले. दोन वर्षे तिथली संस्था तिच्याबद्दलचे अहवाल पाठविणार आहे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. आईला अहवालाची गरज नाही, रोज संध्याकाळी फोन येतो.

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली आणि महाप्रजापती गौतमीने त्याला वाढविले. आपल्या धम्माची सुरुवातच अशा मायेत आहे. ज्या घरात पाळण्याची ओढ आहे, त्यांनी दलालाला दारात उभे करू नये, कायद्याच्या रांगेत उभे राहावे. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जात विचारू नये, “काही कळलं का?” एवढेच विचारावे.