साठेखत झाले म्हणजे विहाराची जागा आपली झाली का?

वस्तीतल्या तरुणांनी वर्गणी काढायची, शेजारच्या शेतकऱ्याकडून दोन गुंठे ठरवायचे, स्टॅम्प पेपरवर करार लिहून नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा, पैसे मोजायचे आणि बुद्ध पौर्णिमेला पंचशील ध्वज लावायचा. विहारासाठी कितीतरी जागा आपण अशाच 'घेतल्या' आहेत. पुढे विकणारा वारतो आणि त्याची मुले म्हणतात, सातबारा आमच्या नावावर आहे. मग आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. पण हातात कागद कोणता असतो? नोटरी केलेले साठेखत.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ याबाबत स्पष्ट आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीचा करार स्वतःहून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. साठेखत म्हणजे 'पुढे विकीन' हे वचन. त्याने मालक बदलत नाही; फक्त विकणाऱ्यावर खरेदीखत करून देण्याची आणि घेणाऱ्यावर पैसे देण्याची जबाबदारी येते. नोटरी सहीची साक्ष देतो, दस्त नोंदवत नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच. सातबाराही महसुली नोंद आहे, मालकी तिच्यातून जन्मत नाही.

म्हणून साठेखत निरुपयोगी ठरते असे नाही. विकणारा फिरला तर दिवाणी न्यायालयात करारपूर्तीचा दावा लावता येतो. मात्र करारात खरेदीखताची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षांत. आणि उरलेली रक्कम द्यायला आपण सतत तयार होतो, हे सिद्ध करावे लागते. वर्गणीचा हिशेब आणि बँकेचे पासबुक इथे कामी येते. मधल्या काळात त्याने तीच जागा दुसऱ्याला विकली आणि त्या खरेदीदाराला आपल्या कराराची खरोखरच माहिती नसेल, तर आपला दावा त्याच्यापुढे टिकणे कठीण. साठेखतही नोंदवावे ते यासाठी.

'पण ताबा आमचाच आहे' हे उत्तर हमखास मिळते. कलम ५३अ प्रमाणे कराराखाली ताबा घेऊन आपली बाजू पाळणाऱ्याला संरक्षण आहे. पण ती ढाल आहे, मालकी नव्हे. शिवाय २४ सप्टेंबर २००१ पासूनच्या करारांना ही ढाल हवी असेल तर करार नोंदणीकृतच लागतो. त्याआधीचे जुने कागद विहारात कुठे पडून असतील तर फेकू नका.

दानाचेही तेच. एखादे उपासक वर्षावासाच्या कार्यक्रमात 'माझी जागा विहाराला दिली' असे जाहीर करतात, टाळ्या पडतात. भावना मोठी असते, पण कायद्याने दान झालेले नसते. त्यासाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत दानपत्र लागते आणि दात्याच्या हयातीत त्याचा स्वीकार लागतो. दस्त कोणाच्या नावाने करायचा हेही आधी ठरवा. नोंदणी नसलेल्या मंडळाऐवजी अध्यक्षांच्या नावावर खरेदी केली, तर उद्या त्यांचे वारस दारात उभे. सार्वजनिक न्यास नोंदवून विश्वस्तांच्या नावे दस्त करणे बरे. एक-दोन गुंठ्यांची शेतजमीन असेल तर तुकडेबंदीचा आणि बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेण्याचा अडथळा इसार देण्यापूर्वीच तपासा.

महार वतनाच्या जमिनीत मात्र आपण दुसऱ्या बाजूला असतो. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि जमिनी नवीन, अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि ठरलेला नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. ही अट ठाऊक असलेला दलाल खरेदीखत मागतच नाही. तो थोडा इसार देतो आणि साठेखतासोबत कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो. घरचे समजतात, जमीन गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितले की साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांच्या जोरावर मालकी हस्तांतरित होत नाही.

तरीही सही हलकी समजू नये. 'परवानगी मिळवून खरेदीखत करून देऊ' असे लिहून दिले असेल, तर ती जबाबदारी अंगावर आलेली असते आणि दलाल तिच्यावर दावा लावू शकतो. कुलमुखत्यारपत्रातले शब्द म्हणून सहीपूर्वीच वकिलाकडून वाचून घ्यावेत.

आपल्या विहाराचा करार नुकताच झाला असेल तर आज त्याच्यावरची तारीख पाहा. तीन वर्षे भरत आली असतील तर वकिलामार्फत खरेदीखताची लेखी मागणी करा. तीही धुडकावली तर मुदत संपण्याच्या आत दावा दाखल व्हायला हवा, कारण नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही.