शुद्धलेखन आणि निनावी पत्र

माझा एक विद्यार्थी वऱ्हाडातला. आपल्या गावच्या विहिरीवर त्याने लेख लिहिला. आजी घागर घेऊन तास न् तास उभी राही, कुणी दया येऊन वरून ओतले तर भरे, एवढीच हकीकत. लेख छापून आला. आठवड्याने संपादकांकडे एक पत्र आले. खाली सही नाही. सोबत लेखाचे कात्रण, त्यात ‘पानी’ हा शब्द नऊ ठिकाणी तांबड्या शाईने अधोरेखित केलेला. शेवटी सल्ला : ‘आधी शुद्ध लिहायला शिका.’ विहिरीबद्दल एक अक्षर नाही. पोराने वर्षभर लेखणी उचलली नाही.

ही रीत जुनी आहे. जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली. मालेने जोतीरावांच्या व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. प्रश्न मात्र तसेच उभे राहिले.

शुद्ध म्हणजे काय, हेही तपासू. माझे वडील ‘नांव’ लिहीत, आणि ते शुद्ध होते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ साली आणखी ४ जोडले गेले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि वडिलांचे ‘नांव’ अशुद्ध ठरले. नियम माणसांनी केले, माणसांनी बदलले. वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो; तो बोलीचा नियम आहे, बोलणाराचे अज्ञान नव्हे. नियम नकोत असे मी म्हणत नाही. पोरांना ते मी रोज शिकवतो, कारण अर्जाला आणि परीक्षेला ते लागतात. पण नियम ही सोय आहे, सोवळे नव्हे.

आता निनावीपणाचे. तो सरसकट वाईट नाही. तुकाराम तात्या पडवळांनी १८६१ साली ‘जातिभेद विवेकसार’ छापले ते ‘एक हिंदू’ या नावाने. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. आजही खेड्यातली शिक्षिका सरपंचाविरुद्ध लिहिताना नाव झाकते. नाव झाकून वरच्याला प्रश्न विचारणे ही ढाल. नाव झाकून खालच्याला गप्प करणे हा आडून मारलेला दगड. नाव दोन्हीकडे नाही. दिशा वेगळी आहे.

सभ्यतेचेही तेच. त्या पत्रात एकही शिवी नव्हती. ‘कृपया’ होते, ‘नम्र सूचना’ होती. तरी एका मुलाचे तोंड बंद झाले. उलट ज्याच्या आजीला विहिरीवर उभे ठेवले, त्याचा आवाज चढला की लगेच म्हणतात, भाषा सांभाळा. अपमान सभ्य भाषेतही करता येतो, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

शिक्षक मित्रांनो, पोरांचे ऱ्हस्वदीर्घ जरूर तपासा, पण छापण्याआधी, शेजारी बसून. ते सोबत्याचे काम. आणि आधी विचारा : तुला काय सांगायचे आहे?

त्या विद्यार्थ्याने यंदा पुन्हा लिहिले आहे. ‘पाणी’ की ‘पानी’, हे मी त्याच्यावर सोपवले. त्याने ‘पानी’ ठेवले, कारण आजी तसेच मागत असे.

निनावी पत्रलेखकाला एवढेच सांगतो : नाव सांगू नका, हरकत नाही. विहिरीबद्दल बोला.