नऊ नावं

सकाळी साडेसात. दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि चहा यायच्या आत गूगलचं सर्च कन्सोल उघडलं. बाईंच्या साइटची पानं १४, त्यांतली गूगलच्या इंडेक्समध्ये शून्य. साइट सुरू होऊन तीन आठवडे झालेत.

बाई म्हणजे आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या बाई. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा आला, गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. तासगावचा मोर्चा ३ तारखेचा, इस्लामपूरचा १० तारखेचा. तेव्हा तिन्ही गावं सातारा जिल्ह्यातच होती. बाईंनी ही सगळी माहिती आयुष्यभर जमवली. ती जगात कुठूनही सापडावी म्हणून ही साइट.

सव्वाआठ. पहिलं कारण सापडलं आणि ती चूक माझी. काम अर्धवट असताना वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना मनाई’ असा चौकोन टिक करून ठेवला होता. साइट सुरू केली, टिक तशीच राहिली. त्यामुळे प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ लिहिलेलं. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, येत होता आणि ते वाचून माघारी जात होता. टिक काढली, साइटमॅप म्हणजे पानांची यादी पुन्हा दिली. मनाला लागलं, कारण बाई रोज विचारत होत्या आणि मी ‘वेळ लागतो’ म्हणून सांगत होतो.

दहा वाजता बाई आल्याच. चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत.

“अरे, पैसे भरायचे असतात का? परवा फोन आला होता, आठ दिवसांत गूगलवर पहिलं आणतो म्हणाला.”

“एक रुपयासुद्धा देऊ नका बाई. पैसे जाहिरातीचे असतात, नोंद फुकट होते. शाळेतलंच बघा ना. जनरल रजिस्टरला नाव चढणं वेगळं आणि पहिला नंबर येणं वेगळं. आपलं अजून नावच चढलेलं नाही.”

“मग चढव की बाबा.”

अकरा. खरं काम इथून पुढे. साइटवरची मुख्य चीज म्हणजे बाईंची जुनी स्मरणिका. प्रेसमध्ये कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप झालेली, तिची पीडीएफ मी तशीच चढवली होती. डोळ्यांना मराठी स्वच्छ दिसतं. पण पीडीएफमधला ‘हुतात्मा’ शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला तर उमटतात इंग्रजी अक्षरं: जी, क्यू, आर, के, मोठा आर, ई, के. कृतिदेव युनिकोड नाही. इंग्रजी अक्षरांवर मराठीचं चित्र चढवलेलं असतं. यंत्राला खालचं अक्षर दिसतं. म्हणजे त्या ४० पानांत ‘हुतात्मा’ हा शब्द एकदाही नव्हता. आपल्याकडचे किती विशेषांक, किती गावांचे इतिहास असे पीडीएफमध्ये मुके पडून असतील!

कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये काढला. तो हातानं वाचावाच लागतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, ती नंतर न्यावी लागते. एखादी निसटते आणि ‘मिरवणूक’ची ‘मरिवणूक’ होते. ‘शेतकऱ्यांनी’चं ‘शेतकर्यांनी’ झालेलं बारा ठिकाणी सापडलं. मधे दीड तास लाईट नव्हती, तेवढ्या वेळात बाईंनी छापील प्रतीवर लाल पेननं खुणा केल्या. नऊ नावांना मात्र मी कन्व्हर्टर लावलाच नाही. बाईंनी एकेक नाव सांगितलं, मी टाइप केलं, त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं. नावांना वेगळं पान केलं. हुतात्म्यांच्या स्मारकाच्या फोटोखाली ओळ लिहिली, कारण नुसत्या फोटोवरून ते वडूजचं आहे हे यंत्राला कळेलच असं नाही.

चार वाजता तालुक्यातल्या एका शाळेच्या साइटवरून दुवा मिळाला. ती साइट गूगलला आधीपासून माहीत आहे, त्या वाटेनं बॉट इकडे येतो. असा एक आपुलकीचा दुवा विकतच्या शंभरांपेक्षा मोलाचा.

साडेपाच. नावांच्या पानासाठी ‘इंडेक्सिंगची विनंती’ केली. दिवसाला मोजक्याच विनंत्या चालतात, म्हणून पहिली याच पानाची. बिंगला नव्या पानांची खबर इंडेक्सनाऊनं दिली. ही सोय २०२१ पासून आहे. गूगल ती वापरत नाही आणि साइटमॅपची जुनी पिंगसेवाही त्यांनी २०२३ मध्ये बंद केली. तिथे वाटच बघायची.

रात्री पावणेअकरा. घरून सर्व्हरचा लॉग उघडला. १०.१२ ला नावांच्या पानावर कुणीतरी आलं होतं, नाव गूगलबॉट. हे नाव कुणीही लावतं, म्हणून आयपी पत्ता उलटा तपासला. गूगलचाच निघाला. पान पूर्ण मिळाल्याची खूण, २०० चा आकडा, शेजारी होता. रजिस्टरला अजून चढलेलं नाही, त्याला काही दिवस जातील. पण नऊ नावांचं पान त्यानं नेलं. बाई एव्हाना झोपल्या असतील. सकाळी शटर उघडायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन येतो.