तांब्याची नळी आणि तिचा शेजार

तांबे गंजत नाही, असा समज घरोघरी रूढ आहे. लोखंडासारखा तांबडा गंज त्यावर चढत नाही, एवढ्यापुरताच तो खरा. तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे जिला ठाऊक आहे त्या गृहिणीला हा धातू द्रवात उतरतो हे निराळे सांगावयास नको. ताकात जे लवकर घडते, तेच आम्लगुणी पाण्याने नळीत सावकाश घडते.

धुळ्याचे भूजल सहसा आम्लगुणी नसते. पांझरेकाठचा हा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्यातून झिरपून विहिरीत वा कूपनलिकेत आलेले पाणी जड असते. बंबाच्या आत साचणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. हा थर पातळ असेतोवर धातूचे रक्षणच करतो. जाड झाला म्हणजे पाण्याची वाट अडवतो. बंब बाहेरून चिंचेने खुशाल लखलखीत करावा. परंतु नळीत तीव्र आम्ल ओतण्याचा उत्साह आवरावा, कारण थरापाठोपाठ धातूही झिजू लागतो.

खरा घात होतो तो शेजाराने. गच्चीवरील टाकीपासून जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी, मध्ये तांब्याच्या टाकीचा गीझर आणि पुढे न्हाणीघरापर्यंत पुन्हा लोखंडी नळी, अशी मांडणी जुन्या घरांत आढळते. दोन भिन्न धातू पाण्यात परस्परांस भिडले की लहानसा विद्युत्घटच तयार होतो. त्यात झिजते ते तांबे नव्हे. आधी जस्त जाते, मग लोखंड. शिवाय तांब्यावरून वाहिलेले पाणी त्याचा सूक्ष्म अंश बरोबर नेते; तो पुढच्या जस्तावर बसतो आणि तेथे खड्डे पडू लागतात. दोष मात्र गवंड्याच्या माथी येतो! म्हणून लोखंडाकडून तांब्याकडे पाणी गेलेले एकवेळ चालेल, उलट जाऊ देऊ नये. गीझरपुढील नळी तांब्याची वा ऊन पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची असावी, आणि जेथे दोन धातू भेटतात तेथे त्यांचा स्पर्श तोडणारा जोड घालावा. विजेचे अर्थिंग नळाला बांधलेले असल्यास ते मात्र आधी स्वतंत्र करून घ्यावे. नाहीतर तो जोडच जिवावर बेतेल.

तांब्याच्या नळीला तिचे स्वतःचेही शत्रू आहेत. डाक लावताना वापरलेला नवसागर किंवा तत्सम क्षार आत राहिला, की तो तेथेच पोखरत बसतो. सांधा होताच नळी भरपूर पाण्याने धुवावी. साचलेल्या वाळूखालीही खड्डे पडतात. टाकीच्या तोंडाशी जाळी बसवावी.

थांबलेल्या पाण्यात तांबे अधिक उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. सकाळचे पहिले पाणी जिभेला कडवट लागले वा मोरीत हिरवट डाग दिसू लागले, तर ते फरशी पुसण्यास घ्यावे आणि नळ काही वेळ वाहू द्यावा. तान्ह्या मुलाच्या दुधासाठी गीझरचे ऊन पाणी न घेता थंड नळाचे पाणी चुलीवर उकळून घ्यावे.