बर्गमॉटचा सेंद्रिय चहा : आस्वाद किती, औषध किती?

दूध, साखर आणि आले घालून उकळलेल्या चहाची सवय असलेल्या आपल्या देशात ‘अर्ल ग्रे’ हा सुवासिक चहा आता अनेक घरांत पोहोचला आहे. त्यातही सेंद्रिय प्रकाराला विशेष मागणी असते, कारण वेष्टनावर हृदयाच्या आरोग्यापासून कोलेस्टेरॉल कमी होण्यापर्यंत अनेक लाभ छापलेले असतात. हे लाभ प्रत्यक्ष कपात कितपत उतरतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

‘ब्लॅक टी’ म्हणजे बिनदुधाचा कोरा चहा, अशी आपल्याकडे समजूत आहे. व्यापारात मात्र पूर्णपणे ऑक्सिडीकरण झालेल्या, काळसर पानांच्या चहाला हे नाव आहे. आपला नेहमीचा दुधाचा चहाही त्याच पानांचा असतो. अर्ल ग्रेमध्ये या पानांना बर्गमॉटच्या तेलाचा सुवास दिलेला असतो. बर्गमॉट हे आंबट संत्रे व लिंबू यांच्या संकरातून आलेले फळ असून जगातील बहुतेक उत्पादन इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रिया प्रांतात होते. त्याचा गर कडवट असल्यामुळे ते सहसा नुसते खाल्ले जात नाही. खरे मोल आहे ते सालीतील तेलाला. अत्तरांतही ते वापरले जाते.

१८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले चार्ल्स ग्रे यांचे नाव या चहाला मिळाले. चीनमधील एका अधिकाऱ्याने त्यांना ही कृती भेट दिल्याची कथा सांगितली जाते. तिला पुरावा नाही, आणि ग्रे कधी चीनला गेलेही नव्हते.

सेंद्रिय असण्याचा अर्थ चहाच्या बाबतीत थोडा वेगळा आहे. भाजी किंवा फळे आपण धुऊन घेतो. चहाची पाने खुडल्यावर न धुताच कारखान्यात जातात आणि पुढे थेट गरम पाण्यात पडतात. त्यामुळे मळ्यात कोणती फवारणी झाली, याला महत्त्व येते. मळा सेंद्रिय ठरण्यासाठी साधारणतः तीन वर्षांचा परिवर्तनकाळ लागतो. दार्जिलिंगमधील अनेक मळे आणि सिक्कीममधील टेमी येथील मळा या पद्धतीने चालतात. सिक्कीम तर २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. ग्राहकाने वेष्टनावर सेंद्रिय प्रमाणनाचे चिन्ह पाहावे. सुवासासाठी नैसर्गिक बर्गमॉट तेल वापरले आहे की प्रयोगशाळेत तयार केलेले स्वादद्रव्य, हेही घटकांच्या यादीत वाचावे. मात्र सेंद्रिय चहा अधिक पौष्टिक असतो, असा अर्थ यातून काढू नये.

आता आरोग्याचा प्रश्न. बर्गमॉटमुळे कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे, पण ते अभ्यास लहान आहेत आणि त्यांत फळाच्या रसापासून केलेला तीव्र अर्क रोज ठराविक मात्रेत दिला गेला होता. चहात असते ते सालीचे तेल, तेही अत्यल्प. रसातील गुण तेलाच्या नावावर खपवणे योग्य नव्हे.

चहाच्या पानांबद्दल मात्र अधिक ठोस सांगता येते. ब्रिटनमधील सुमारे पाच लाख व्यक्तींच्या माहितीवर आधारित, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळला. त्यांतील बहुतेक जण ब्लॅक टीच पिणारे होते. अर्थात हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. चहामुळेच असे घडले, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आपल्याकडे अधिक काळजीची बाब वेगळीच आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोह बांधून ठेवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा टाळण्याचा आणि दिवसाचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा सल्ला दिला. एका कप चहात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असते. चहा सेंद्रिय असला तरी यात फरक पडत नाही.

अतिरेकाचे एक उदाहरण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये नोंदले गेले. ऑस्ट्रियातील ४४ वर्षांचा एक गृहस्थ रोज चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पीत असे. त्याच्या स्नायूंत पेटके येऊ लागले, दृष्टी धूसर झाली. तेलातील बर्गाप्टेन या घटकावर संशय घेण्यात आला. साधा चहा सुरू करताच त्रास थांबला. दिवसाला एक लिटरपर्यंत अर्ल ग्रे घेऊनही त्याला पुढे काही झाले नाही. दोन-तीन कप पिणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

हा चहा उकळू नये. सुवास वाफेबरोबर निघून जातो. नुकत्याच उकळलेल्या कपभर पाण्यात एक छोटा चमचा पत्ती टाकून भांडे झाकावे आणि तीन-चार मिनिटांनी गाळावे. दुधाने बर्गमॉटचा गंध दबतो, लिंबाची पातळ चकती मात्र शोभते. चहा आसपासचे वास झटकन ओढून घेतो, म्हणून डबा घट्ट झाकणाचा आणि मसाल्याच्या फळीपासून दूर असावा.