साठी आणि बुद्धी

मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव बाहेरच्या लोकांना ‘भंडारा रोड’ या रेल्वे स्थानकाच्या नावानेच अधिक परिचित आहे. या गावात आज ऐंशी वर्षांच्या असलेल्या व्यक्तीचा जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडात झाला. तिने धुळाक्षरे गिरवली ती नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात. १९५६ मध्ये ती द्विभाषिक मुंबई राज्याची रहिवासी झाली आणि १९६० मध्ये महाराष्ट्राची. उंबरठा न ओलांडता तिने चार राज्ये पाहिली. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर तलावाचे पाणी कोणत्या पाटाने कोणाच्या बांधीत जात असे, गुरांची वाट कोणत्या धुऱ्याने होती, यातील पुष्कळसे अशाच व्यक्तींच्या स्मरणात आहे. निस्तार पत्रकात सर्वच काही उतरलेले नसते.

आणि नेमक्या अशा व्यक्तीला दोन-चार नावे आठवेनाशी झाली, की घरची मंडळी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळी होतात. वृद्धांचे या म्हणीइतके नुकसान दुसऱ्या कोणत्या म्हणीने क्वचितच केले असेल. कारण एकदा वयावर खापर फोडले, की विसरण्याचे खरे कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

वयोमानाने मेंदूच्या कामाचा वेग कमी होतो, हे खरे. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते आणि तासाभराने आपोआप आठवते. परंतु शब्दसंग्रह, व्यवहाराची जाण व तारतम्य दीर्घकाळ टिकून राहते. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे निराळे. रोजच्या बाजारातून घराची वाट चुकणे, तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे, आयुष्यभर चोख हिशेब ठेवणाऱ्याला सुट्या पैशांचा मेळ न लागणे, ही आजाराची चिन्हे होत. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आहे. स्त्रियांत व ग्रामीण भागात ते अधिक आढळले. संख्या मोठी आहे खरी. तथापि शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक वृद्धांना हा आजार नाही, असाही त्याचा अर्थ होतो.

शिवाय विस्मरण दिसले म्हणजे स्मृतिभ्रंशच असेल, असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले कार्य, जोडीदाराच्या निधनानंतर मनात घर करून बसलेले नैराश्य किंवा झोपेच्या व इतर काही औषधांचा परिणाम, यांमुळेही माणूस विसराळू होतो. ही कारणे वेळीच ओळखली गेल्यास उपचाराने पुष्कळ सुधारणा होते.

कानांकडे तर सर्वाधिक दुर्लक्ष होते. जे नीट ऐकूच आले नाही, ते लक्षात राहणार कसे? “बाबांना तीनदा सांगितले, तरी विसरले,” अशी तक्रार मुलगा करतो, तेव्हा बाबांना त्यातील अर्धेच शब्द ऐकू आलेले असतात. भातगिरणीत किंवा यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षे काम केलेल्यांत ही अडचण विशेष आढळते. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू चार लोकांत बसणे टाळतो, विचारले तेवढ्यावर मान हलवतो आणि एकटा पडतो. ऐकण्यासाठीच सारी शक्ती वेचावी लागल्याने मेंदूला साठवणीसाठी थोडीच उरते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे नोंदविली. ती सर्व दूर करता आली, तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा आयोगाचा अंदाज आहे. बहिरेपणा त्यात अग्रभागी आहे. अधू दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव व एकाकीपण हेही त्या यादीत आहेत. बिडी वळणे हा भंडारा जिल्ह्याचा जुना घरगुती व्यवसाय. बिडी ओढण्याची सवयही त्यामुळे अंगवळणी पडलेली. फुप्फुसाबरोबर मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही तिची झळ पोचते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

बुद्धीला काम हवे, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचा शिलाहारांच्या कोरीव लेखांचा ग्रंथ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे वय ८४ होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले, ते १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी. सर्वांनाच मिराशी किंवा कर्वे होता येत नाही, हे कोणीही म्हणेल. पण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली, तेव्हा गुलाबी नऊवारी नेसून, हाती पाटी घेऊन आलेल्या स्त्रिया साठी ते नव्वदीच्या होत्या आणि त्यांतील बहुतेकींनी पूर्वी शाळा पाहिलेली नव्हती.

झाडीपट्टीत तर याची जुनी सोय आहे. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार व खडी गंमत रंगते. त्यातील गाणी जुने जाणते लोक पोरांना तोंडी शिकवितात. कागद पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो मिटून आठवून सांगितल्याने स्मरण अधिक पक्के होते, असे मानसशास्त्राचे प्रयोग दाखवितात. दंडारीचा म्हातारा ते न वाचताच करीत आला आहे. शिवाय तालमीला चालत जाणे होते, चार माणसे भेटतात आणि आपल्यावाचून अडते आहे, ही जाणीव राहते. फिनलंडमध्ये १,२६० वृद्धांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचे काम व रक्तदाबावरील देखरेख या साऱ्यांची दोन वर्षे सांगड घातली, तेव्हा बुद्धीची क्षमता टिकविण्यास मदत झाल्याचे दिसले.

ग्रामपंचायतीने व शाळेने मनावर घेतल्यास यातील बरेचसे गावातच होऊ शकते. सातवी-आठवीच्या मुलांनी वृद्धांना विचारून तलाव, पाट, बोड्या व जुन्या वाटांचा नकाशा काढावा. गावाला कागद मिळेल, वृद्धांना आठवण्याचे निमित्त. नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गातही वृद्धांना आग्रहाने बसवावे. श्रवणयंत्र, चष्मा आदी साधनांसाठी ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र व्यक्तींना एकरकमी ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये मंजूर झाली. मात्र यंत्र मिळाले म्हणजे काम संपले, असे नाही. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो आणि यंत्र पेटीत जाऊन पडते. त्याचा आवाज दोन-तीनदा जुळवून घ्यावा लागतो, आणि तोपर्यंत घरच्यांनी समोर बसून, सावकाश बोलावे लागते.

विस्मरण वाढत असल्याचे दिसल्यास वृद्धास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेताना रोजचा सहवास असलेली व्यक्ती सोबत असावी. कोणती गोष्ट केव्हापासून बदलली, हे तीच सांगू शकते. सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटेही पिशवीत घ्यावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या आणि शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा.