मज्जासंस्थेचे पुस्तक निवडताना

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलटीपालटी करीत झाले. असा मनुष्य शिकाऊ डॉक्टरांनी मज्जासंस्थेच्या रोगांचे पुस्तक कोणते घ्यावे हे सांगू लागला, तर तो आगाऊपणाच म्हणायचा. पण मंडळी, त्या पुस्तकाचे बरेवाईट भोगावे लागते ते रोग्याला, आणि रोग्यांबरोबर इस्पितळांच्या बाकांवर मी पुष्कळ बसलो आहे.

आमचा एक फरशी बसवणारा कामगार होता. दिवसचे दिवस उकिडवे बसून काम. एके सायंकाळी उठला तो उजवे पाऊल वर उचलेना. चालताना चवडा जमिनीला घासू लागला. एका ठिकाणी 'कण्यात नस दबली आहे' असे सांगून शस्त्रक्रियेची भाषा सुरू झाली. बायकोचे डोरले सराफाकडे जायच्या बेतात होते. दुसरीकडे एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी त्याला एवढेच सांगितले, "दादा, पाऊल आत वळवून दाखवा." पाऊल जोराने वळले.

यातले मर्म मला त्यांनीच समजावले. पाऊल उचलणारी नस गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला, हाडाला वळसा घालून अगदी कातडीखालून जाते. फार वेळ उकिडवे बसले की ती तिथे चेपते. पाऊल आत वळवणारा स्नायू दुसऱ्या नसेवर चालतो. मात्र या दोन्ही नसांत कमरेच्या पाचव्या मुळाचे धागे असतात. मूळच दबले तर दोन्ही हालचाली दुबळ्या होतात. एकच गेली असेल तर बिघाड बहुधा गुडघ्यापाशी. उकिडवे बसणे बंद केले, पायाला आधारपट्टी बांधली, आणि तीन महिन्यांत पाऊल उचलू लागले.

तेव्हापासून माझी कसोटी ठरली. दुकानात उभ्याउभ्या पाऊल लुळे पडण्याचे पान उघडावे. पंधरा कारणांची यादी देऊन पुस्तक थांबत असेल तर ते परत फळीवर ठेवावे. बिघाड कुठे हे आधी आणि का हे मागाहून विचारीत असेल तर घ्यावे. नुसत्या प्रश्नोत्तरांची पुस्तके परीक्षेपुरती ठीक. त्यांत लक्षणे आयती मांडलेली असतात. आमचा माणूस येतो तो "पाय मेला" एवढेच सांगत.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने 1942 साली, युद्धात नसा तुटलेल्या जखमींसाठी, एक लहानसे पुस्तक काढले. 1976 मध्ये ते नव्या नावाने आले. प्रत्येक स्नायू तपासताना डॉक्टरचा हात कुठे असावा याची त्यात छायाचित्रे आहेत. शक्तीला शून्य ते पाच असे अंक देण्याची त्यातली रीत आज सर्वत्र आहे. हा अंक आमच्या फार कामाचा. 1923 च्या भरपाईच्या कायद्यात तुटलेल्या अंगठ्याचे टक्के छापलेले होते, 30. पण बोट शाबूत असून बधिर झाले, तर कमाई किती बुडाली हे डॉक्टरच्या तपासणीवरच ठरते.

ॲडम्स आणि व्हिक्टर यांचा 1977 पासूनचा जाडा ग्रंथ ग्रंथालयात बसून वाचावा. पहिल्याच वर्षी विकत घेऊ नये. पैसे कमी असतील तर तपासणीचे पुस्तक रद्दीवाल्याकडून जुने घेतले तरी चालते, नसांच्या वाटा बदलत नाहीत. उपचाराचे मात्र नवेच घ्यावे. मेंदूतली गुठळी नळी घालून काढण्याचा गुण 2015 सालच्या चाचण्यांनी सिद्ध झाला. त्याआधीच्या पुस्तकात तो सापडायचा नाही.